चोरासाठी लावलेले कुलूप प्रामाणिक गिऱ्हाइकालाच लागते, त्याचे काय करावे?

कुळागर (फोंडा)

नमस्कार. गेली अकरा वर्षे मी फोंड्यात बसून लहान हॉटेले, गेस्ट हाउस आणि बार-रेस्टॉरंट यांच्यासाठी बिलिंगचे सॉफ्टवेअर लिहितो आणि विकतो. खोल्यांचे बुकिंग, स्वयंपाकघरात जाणारी ऑर्डरची चिठ्ठी (केओटी), जीएसटीचे बिल आणि परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांच्या आत भरावयाच्या सी-फॉर्मची माहिती, एवढे सगळे त्यात होते. माझ्यासह तिघांचे घर त्यावर चालते, त्यामुळे पुढचा प्रश्न माझ्यासाठी पोटापाण्याचा आहे.

दोन वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका बारमध्ये जेवायला बसलो असता बिल हातात आले आणि त्याच्या तळाशी माझ्या सॉफ्टवेअरचा परवाना क्रमांक दिसला. तो क्रमांक मी वेगळ्याच मालकाला दिलेला होता. चौकशी केल्यावर ती एकच प्रत आजूबाजूच्या चार ठिकाणी चालू असल्याचे कळले. त्या रागाच्या भरात पुढच्या आवृत्तीत मी असे कुलूप बसवले की प्रोग्राम रोज सकाळी आमच्या सर्व्हरला विचारील आणि होकार आला तरच सुरू होईल.

गेल्या मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी काणकोण भागात वळवाचा जोरदार पाऊस झाला, माड पडून फायबरची तार तुटली आणि तिथल्या माझ्या एका आठ वर्षे जुन्या गिऱ्हाइकाकडे अकरा खोल्यांचे पाहुणे सामान बांधून काउंटरसमोर उभे असताना पडद्यावर ‘परवाना तपासता येत नाही’ एवढेच दिसत राहिले. विजेसाठी त्यांच्याकडे इन्व्हर्टर होता, माझ्या कुलपासाठी काहीच नव्हते. त्यांनी वहीच्या पानांवर बिले लिहून दिली. त्याच दिवशी ती चार चोरटी ठिकाणे मात्र सुरळीत चालू होती, कारण कुलूप बसवल्यापासून पंधरा दिवसांत कोणीतरी तपासणीचा तो भागच प्रोग्राममधून उडवला होता.

कुलूप काढून टाकावे तर चोरी उघड परवानगीने होणार, ठेवावे तर पैसे देणाराच अडकणार. आपल्यापैकी ज्यांनी विकणारा, वापरणारा किंवा दुरुस्त करणारा म्हणून हे अनुभवले आहे, त्यांनी काय केले ते कृपया सविस्तर लिहावे.


शुक्रवारचा_बाजार (म्हापसा)

मी म्हापशात संगणक जोडून देण्याचा आणि दुरुस्तीचा धंदा करतो, त्यामुळे या चोरीत माझ्या पेशाचा हात किती आहे ते आधी कबूल करतो. नवीन मशीन घेणारा गिऱ्हाईक हार्ड डिस्कची क्षमता विचारतो आणि लगेच म्हणतो, ‘आणि सगळे घालून दे.’ या ‘सगळे’मध्ये ऑपरेटिंग सिस्टिमपासून बिलिंगपर्यंत काय काय येते ते त्याला ठाऊक नसते आणि ते फुकट मिळत नसते हेही त्याला कोणी सांगितलेले नसते. शेजारच्या दुकानदाराने घालून दिले आणि मी नाही म्हटले, तर मशीन शेजारी विकले जाते. यात बचाव नाही, पण तुमची चोरी मालकाच्या डोक्यात सुरू होत नाही, ती आमच्या टेबलावर सुरू होते, हे लक्षात घ्यावे.

आता कुलपांविषयी. जुन्या काळी प्रिंटरच्या पॅरलल पोर्टमध्ये डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली असलेला छोटा ठोकळा, लावावा लागे आणि प्रिंटरची तार त्या डोंगलच्या पाठीत घालावी लागे. दोन सॉफ्टवेअर असतील तर एकावर एक दोन डोंगल, मागे प्रिंटर, आणि टेबल भिंतीला सरकवले की सगळी शेपटी वाकून सैल. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत त्यांच्या पिनांवर हिरवा थर चढतो. पेट्रोलने पुसून, खोडरबराने घासून मी कितीतरी डोंगल जिवंत केले आहेत. पुढे युएसबी आली तेव्हा झाडूवालीच्या हातून तुटलेले डोंगल येऊ लागले. कंपनी म्हणे, नवे हवे असेल तर जुने तुकडे कुरियरने पाठवा.

त्यानंतर मशीनला बांधलेले परवाने आले. मदरबोर्ड, हार्ड डिस्क आणि नेटवर्क कार्ड यांच्या क्रमांकांवरून एक खूण काढायची आणि परवाना त्या खुणेला जोडायचा. ज्याला गोव्यातला ऑक्टोबर माहीत नाही त्यालाच ही कल्पना सुचू शकते. परतीच्या पावसात एक वीज जवळ पडली की टेलिफोनच्या तारेतून मोडेम आणि मोडेममधून मदरबोर्ड जातो. मी संध्याकाळपर्यंत नवा बोर्ड बसवून देतो, पण सॉफ्टवेअर म्हणते की हे मशीन वेगळे आहे. शनिवारी संध्याकाळी कंपनीचा फोन कोण उचलणार?

परिणाम काय होतो ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. कपाटात पक्क्या पावतीसह अस्सल सॉफ्टवेअरचा खोका आणि मशीनवर क्रॅक केलेली, म्हणजे कुलूप तोडलेली प्रत, अशी निदान सात-आठ गिऱ्हाइके माझी आहेत. पैसे पूर्ण दिले आणि तरीही ‘दर वेळी त्यांच्या पाया पडायला नको’ म्हणून चोरटी प्रत वापरतात.


झुआरी_पूल (वास्को)

वरील दोन्ही प्रतिसादांतील भावना समजते, परंतु कुलूपच नको असा सूर लागण्याआधी दुसरी बाजू मांडतो. मी काही वर्षे खेळांच्या सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात काम केले आहे.

चोरीची तक्रार या धंद्याइतकीच जुनी आहे. फेब्रुवारी 1976 मध्ये बिल गेट्स यांनी संगणकाच्या हौशी मंडळींना जाहीर पत्र लिहून आपल्या कंपनीच्या आल्टेअर बेसिक या सॉफ्टवेअरच्या फुकट प्रती वाटल्या जात असल्याबद्दल जाब विचारला होता. 2013 मध्ये ‘गेम डेव्ह टायकून’ या खेळाच्या दोघा निर्मात्यांनी स्वतःच त्याची एक चोरटी प्रत पसरवली. खेळणारा त्यात खेळ बनवणारी कंपनी चालवतो, आणि या प्रतीत मात्र त्याचे खेळ लोक चोरून नेत असल्यामुळे त्याची कंपनी बुडत असे. काही जणांनी मग चर्चेच्या पानांवर जाऊन ही चोरी थांबवण्याचा उपाय काय, असे विचारले होते. हसू येते, परंतु निर्मात्यांचे नुकसान खरेच होते.

कुलपे फसल्याची उदाहरणे मलाही ठाऊक आहेत. 2008 मध्ये ‘स्पोर’ हा खेळ तीनच वेळा अ‍ॅक्टिव्हेट करता येईल अशी अट घातली गेली, लोक खवळले, ती मर्यादा नंतर पाचवर न्यावी लागली आणि तो खेळ चोरला जायचा तो प्रचंड प्रमाणात चोरला गेलाच. 2010 मध्ये युबिसॉफ्ट या खेळांच्या कंपनीने खेळ चालू असेपर्यंत इंटरनेट अखंड हवे अशी सक्ती केली, त्याच मार्चमध्ये त्यांच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि विकत घेणारे लोक स्वतःचा खेळ उघडू शकले नाहीत. मायक्रोसॉफ्टचीही ऑगस्ट 2007 मध्ये अशीच फजिती झाली होती. तपासणीच्या सर्व्हरमधील चुकीमुळे काही तास अस्सल विंडोजच बनावट ठरत होती.

तरीही माझे म्हणणे असे की काही ना काही कुलूप हवेच, आणि ते चोरापेक्षा प्रामाणिक माणसासाठी हवे. ज्याने सॉफ्टवेअरसाठी बारा हजार मोजले त्याला शेजारी फुकट आणि निर्धास्त वापरताना दिसला, तर पुढच्या वर्षीची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचे पैसे, भरताना आपण मूर्ख ठरलो असे त्याला वाटते. तो चोर होत नाही, पण पैसे देणे बंद करतो. कुळागर यांनी हा तोटा मोजला आहे का?


खिळे_जुळारी (पणजी)

झुआरी_पूल यांचा शेवटचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. त्यात छापखान्याच्या अनुभवावरून थोडी भर घालतो.

मराठी आणि कोंकणी डीटीपीच्या, म्हणजे संगणकावरच्या अक्षरजुळणीच्या जगात, सर्व फॉन्टांना समान असलेली युनिकोड पद्धत रुळण्यापूर्वी प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची सांकेतिक मांडणी निराळी असे. एका कंपनीच्या फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की नुसती चिन्हांची खिचडी दिसे. त्या फॉन्टसाठीही डोंगल असत. एका चतुर्थीच्या आधी आमचा डोंगल गेला. आरतीसंग्रह, दोन देवस्थानांची निमंत्रणे आणि एका ग्रामपंचायतीचा अहवाल, असे सगळे काम संगणकात होते आणि अक्षरही बाहेर काढता येत नव्हते. मजकूर आमचा, श्रम आमचे, आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात. शेवटी शेजारच्या छापखान्यातून क्रॅक आणली आणि काम पूर्ण केले. त्या दिवसापर्यंत आमच्याकडे एकही चोरटी वस्तू नव्हती.

यावरून एक भेद करावासा वाटतो. प्रोग्राम तुमचा असेल, परंतु त्यात साठलेली बिले, पाहुण्यांची नोंद आणि वर्षाचा हिशेब गिऱ्हाइकाचा आहे. परवाना संपो, सर्व्हर बंद पडो, भांडण होवो, जुनी माहिती पाहता, छापता आणि दुसरीकडे नेता आलीच पाहिजे. नवे बिल अडवले तर एकवेळ वाद घालता येईल, जुने बिल अडवणे म्हणजे ओलीस ठेवणे होय.

ऐंशीच्या दशकात बोरलँड कंपनीच्या परवान्यात फार साधी भाषा होती. सॉफ्टवेअर पुस्तकासारखे वापरा, कोणालाही द्या, कोणत्याही मशीनवर चालवा, पण जसे एक पुस्तक दोन माणसे दोन ठिकाणी एकाच वेळी वाचू शकत नाहीत तसे ते एकाच वेळी दोन ठिकाणी चालवू नका, असा तिचा आशय होता. असा परवाना मी आनंदाने पाळला असता. ज्या करारांना तीस पाने लागतात ते मी आजवर वाचलेले नाहीत आणि इथल्या कोणीही वाचले नसावेत.


हिशेबनीस (मडगाव)

कायद्याविषयी थोडक्यात लिहितो. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 63ब नुसार बेकायदा प्रत आहे हे जाणून संगणकावर ती वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कैद आणि किमान पन्नास हजार ते कमाल दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. वापर धंद्यासाठी किंवा नफ्यासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते. अस्सल प्रत बाळगणाऱ्याला नुकसानीपासून बचाव म्हणून राखीव प्रत काढण्याचा हक्क कलम 52 मध्ये स्पष्ट दिलेला आहे, त्यामुळे तुमचे कुलूप राखीव प्रतच काढू देत नसेल तर ते कायद्याने दिलेल्या सवलतीच्या आड येते. 2012 च्या दुरुस्तीने आलेले कलम 65अ कुलूप तोडण्याला शिक्षा सांगते, पण हक्कभंगाच्या हेतूने तोडले असेल तरच.

हे सर्व कागदावर भक्कम असले तरी कुळागरबाब, तुम्ही किनाऱ्यावरच्या चार बारवाल्यांवर फिर्याद नोंदवणार आहात का? तसे केलेत तर त्या पट्ट्यात पुढचे गिऱ्हाईक मिळणार नाही. कायद्याचा उपयोग मोठ्या कंपन्यांच्या ऑडिटमध्ये होतो, गावातल्या गावात तो शेवटचा उपाय आहे.

हिशेबाचा एक मुद्दा मात्र कोणी बोलत नाही. सॉफ्टवेअरवर 18 टक्के जीएसटी लागतो. साधे रेस्टॉरंट 5 टक्के दराने कर भरते आणि त्या दराला इनपुट क्रेडिट नाही, म्हणजे तुमच्या बारा हजारांवरचे दोन हजार एकशे साठ रुपये त्याला कुठूनही वळते करून घेता येत नाहीत. तुम्हाला किंमत बारा हजार दिसते, त्याला चौदा हजार एकशे साठ. अधिकृत घेणाऱ्याच्या डोक्यावर हा भार आधीच आहे, त्यात कुलपाचा त्रास मिळवला की चोरटी प्रत स्वस्तही ठरते आणि सोयीचीही.


काणकोणची_सून (काणकोण)

आमचे सहा खोल्यांचे गेस्ट हाउस आहे. कुळागर यांनी लिहिलेला रविवार आमच्या घरचा नाही, पण त्याच पावसात आमचेही इंटरनेट तीन दिवस बंद होते, त्यामुळे त्या काउंटरवर काय झाले असेल ते मी समजू शकते.

आज माझ्याकडे अधिकृत प्रत आहे, परंतु पहिली दोन वर्षे नव्हती, आणि त्याचे कारण लबाडी एवढेच नव्हते. मी त्या वेळी एका विक्रेत्याला फोन करून सहा खोल्यांसाठी दर विचारला, तर त्यांनी चाळीस खोल्यांचाच दर सांगितला आणि तोही वर्षाचा, एकरकमी, जूनमध्ये भरायचा. जूनमध्ये आमच्या किनाऱ्यावरची झोपडी उतरवून माडीवर रचून ठेवलेली असते आणि खोल्यांत बुरशी येऊ नये म्हणून आम्ही दिवे लावून बसतो. कमाई ऑक्टोबर ते मे एवढीच. वर्षाच्या पैशांसाठी जून निवडणाऱ्या माणसाने कधी गेस्ट हाउस चालवलेले नसावे. मग नणंदेच्या ओळखीच्या मुलाने ‘सगळे घालून’ दिले, वर शुक्रवारचा_बाजार यांनी लिहिले आहे तसेच.

मी विकत घेतले ते भीतीने नव्हे. 22 सप्टेंबर 2025 रोजी साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. माझ्या शेजारणीकडे अधिकृत प्रत होती, तिला आदल्या दिवशी अपडेट आले, कोणत्या बिलांना जुना दर आणि कोणत्या बिलांना नवा हे समजावणारा फोनही आला. माझी प्रत 12 टक्केच छापत राहिली. पाहुणे वर्तमानपत्र वाचून आलेले असतात, त्यांनी वाद घातला, मी पेनने खोडून आकडा लिहून दिला आणि त्यांच्या नजरेतच मला कळले की हे घर पक्के नाही असे त्यांना वाटले. त्याच आठवड्यात मी पैसे भरले.

तेव्हा झुआरी_पूल यांना सांगावेसे वाटते की शेजारी फुकट वापरतो म्हणून मला मूर्ख ठरल्यासारखे वाटले नाही. शेजारणीला जे मिळाले ते मला मिळाले नाही, याचे वाईट वाटले.


फर्मागुडी_67 (फोंडा)

मी अभियांत्रिकी महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी आहे आणि सध्या सुरक्षाविषयक सॉफ्टवेअरवर काम करतो. आतापर्यंतची चर्चा वाचून वाटते की सर्व्हरला रोज विचारणे आणि मशीनला बांधणे हे दोन्ही मार्ग मुळात चुकीच्या प्रश्नाचे उत्तर देत आहेत. ‘हे मशीन कोणते’ हे विचारण्यापेक्षा ‘हे बिल कोणाच्या नावे निघते आहे’ हे विचारावे.

करायचे ते असे. गिऱ्हाइकाला एक लहानशी परवाना फाइल द्यावी. तिच्यात व्यवसायाचे नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक असावा आणि त्या मजकुरावर तुमच्या गुप्त किल्लीने डिजिटल सही केलेली असावी. पूर्वी खलित्यावर लाखेची मुद्रा असे तसेच हे आहे. मुद्रा उमटवणारा शिक्का तुमच्या तिजोरीत राहतो, पण उमटलेली मुद्रा खरी की खोटी हे कोणीही, कुठेही, इंटरनेटविना तपासू शकतो. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी सही जुळत नाही. ही फाइल कितीही मशीनवर ठेवू द्यावी, मदरबोर्ड जळाला तर पेनड्राइव्हवरून पुन्हा चिकटवू द्यावी. फोन नको, सर्व्हर नको.

मग चोरी कशी थांबते? जीएसटीच्या नियमांप्रमाणे बिलावर विकणाऱ्याचे नाव, पत्ता आणि पंधरा अक्षरी क्रमांक असावाच लागतो. गोव्यात तो 30 ने सुरू होतो. बिलाचे शीर्ष प्रोग्रामने केवळ त्या सही केलेल्या फाइलमधूनच घ्यावे, हाताने बदलता येऊ नये. आता एका बारची फाइल दुसऱ्या बारमध्ये नेली तर तिथली बिले पहिल्या मालकाच्या नावाने आणि क्रमांकाने छापली जातील. दुसरा मालक आपल्या पाहुण्याला शेजाऱ्याच्या नावाचे बिल देणार नाही, आणि पहिला मालक तर ती फाइल द्यायलाच घाबरेल, कारण त्याच्या नावावर न केलेल्या विक्रीची बिले बाजारात फिरतील. तुमच्या प्रामाणिक गिऱ्हाइकाला यात कुलूप दिसणारसुद्धा नाही, कारण त्याला स्वतःचेच नाव छापायचे असते.

अर्थात ज्याला प्रोग्रामचे पोट फाडून सहीची तपासणी उडवता येते तो हेही उडवील. गिऱ्हाइकाच्या मशीनवर चालणारा प्रोग्राम कायमचा बंदिस्त करणे कोणालाही जमलेले नाही. पण तसे करणारा माणूस आणि ‘सगळे घालून’ देणारा माणूस वेगळे असतात, आणि तुमचे नुकसान मुख्यतः दुसऱ्यामुळे होते आहे.


हिशेबनीस (मडगाव)

कल्पना फार आवडली, परंतु एक भोक दाखवतो. एकाच राज्यात एकाच मालकाची चार ठिकाणे असतील तर ती सगळी एकाच जीएसटी क्रमांकाखाली चालू शकतात. म्हणजे कळंगुटला एक परवाना घेऊन तोच मालक हणजूण, मोरजी आणि पाळोळेला फुकट चालवील. शिवाय वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या सेवा व्यावसायिकाला नोंदणीच लागत नाही, त्याच्याकडे क्रमांकच नसेल.

यावर उपाय असा सुचतो की खाद्यपदार्थ विकणाऱ्यांसाठी एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचा चौदा अंकी क्रमांक घ्यावा. तो प्रत्येक जागेसाठी वेगळा असतो आणि 1 जानेवारी 2022 पासून बिलावर छापणे सक्तीचे आहे. नुसत्या खोल्या देणाऱ्यांसाठी पर्यटन खात्याकडील नोंदणीचा क्रमांक घेता येईल, कारण 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली हॉटेलांना आणि गेस्ट हाउसना ती नोंदणी करावीच लागते.


शुक्रवारचा_बाजार (म्हापसा)

फर्मागुडी यांचा खलिता मला समजला, म्हणजे गिऱ्हाइकालाही समजेल. माझी एक मागणी आहे. मालकाने बारचे नाव बदलले किंवा जागा विकली तर नवी फाइल किती वेळात मिळणार? आमच्याकडे बार चालवायला घेणारे दर दोन मोसमांनी बदलतात. तिथे चार दिवस लागले तर मी पुन्हा क्रॅककडेच वळणार, हे आताच सांगून ठेवतो.

आणि दुसरे म्हणजे आम्हाला सोबत घ्या. मी तुमची अधिकृत प्रत बसवून दिली आणि गिऱ्हाइकाने महिन्याभरात पैसे भरले, तर मला त्यातला ठरलेला वाटा द्या. आज क्रॅक घालून मला पाचशे रुपये मिळतात आणि वर जबाबदारी येते. मागच्या वर्षी अशाच एका क्रॅकच्या फाइलमधून आलेल्या व्हायरसने एका लॉजची सगळी नोंद कुलूपबंद करून पैसे मागितले, आणि मालक माझ्या दारात येऊन उभा राहिला. अस्सल प्रत बसवण्यात मला पाचशेपेक्षा जास्त मिळणार असतील तर ‘सगळे घालून दे’ म्हणणाऱ्याला मीच समजावीन. तुमच्या वकिलापेक्षा माझे तो लवकर ऐकेल.


झुआरी_पूल (वास्को)

माझा विरोध बऱ्याच अंशी मावळला आहे. नावाचे कुलूप हे कुलूपच आहे, फक्त प्रामाणिक माणसाच्या वाटेत येत नाही, एवढा फरक मान्य. एक सावधगिरी सुचवतो. अपडेट देताना इंटरनेट लागणारच, त्या वेळी कोणत्या परवान्याला किती ठिकाणांहून अपडेट मागितले गेले हे तुम्हाला कळेल. ते जरूर पाहावे, पण पाहुण्यांची नावे, पारपत्रांचे क्रमांक यांपैकी काहीही तुमच्या सर्व्हरकडे येता कामा नये. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर ती माहिती बाळगणे हेच ओझे आहे. आणि एका परवान्यावर दहा ठिकाणे दिसली तर प्रोग्राम आपोआप बंद करू नये, माणसाने माणसाला फोन करावा. नवीन मशीन, फॉरमॅट, मालकाच्या घरचा लॅपटॉप यांमुळेही तो आकडा वाढतो.


कुळागर (फोंडा)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. झुआरी_पूल यांनी तोटा मोजला का असे विचारले होते, म्हणून मागच्या दोन वर्षांची वही काढून बसलो. कुलूप बसवल्यानंतर चोरटी प्रत सोडून एकही जण गिऱ्हाईक म्हणून आलेला नाही. उलट परवान्याच्या अडचणींसाठी आलेल्या फोनांना उत्तरे देण्यात माझ्याकडे काम करणाऱ्या दोन मुलांपैकी एकाचा जवळजवळ अर्धा दिवस जात होता, आणि ते सगळे फोन पैसे भरलेल्यांचे होते, कारण चोरून वापरणारा आम्हाला फोन करीत नाही. त्या मुलाचा अर्धा पगार मी कुलपाच्या राखणीवर खर्च करीत होतो आणि त्याला चोरीविरुद्धचा उपाय म्हणत होतो.

रोजची सर्व्हर तपासणी कालच काढून टाकली आणि काणकोणच्या त्या गिऱ्हाइकाला सर्वांत आधी नवी आवृत्ती दिली. सही केलेल्या परवान्याचे काम सुरू केले आहे, त्यात जागेनुसार क्रमांक राहील. परवाना संपला तरी जुनी बिले पाहता, छापता आणि एक्सेलमध्ये काढता येतील, नवी बिलेही महिनाभर थांबणार नाहीत, फक्त दरबदलाची अपडेट येणार नाहीत. नाव बदलण्याची फाइल त्याच दिवशी मिळेल, रविवारीसुद्धा, ही जबाबदारी मी स्वतः घेतली आहे. दर खोल्यांच्या संख्येवर ठेवतो आहे आणि हप्ता नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत. जूनमध्ये पैसे मागण्याची चूक माझ्याकडूनही होत होती, हे वाचताना ओशाळल्यासारखे झाले. शुक्रवारचा_बाजार यांच्याशी वाट्याविषयी वेगळे बोलतो.

एक गाठ राहिली आहे. त्या चार ठिकाणांचे काय करावे? निम्म्या किमतीत अधिकृत करून घ्यावे असे मनात आहे, पण पहिल्या दिवसापासून पूर्ण किंमत भरलेल्यांवर तो अन्याय होईल असेही वाटते.


काणकोणची_सून (काणकोण)

पूर्ण किंमत भरलेल्यांपैकी मी एक आहे, म्हणून सांगते. त्यांना सवलत देण्याबद्दल माझी तक्रार नाही, मला न विचारता दिलीत तर आहे. आम्हाला एका वर्षाची एएमसी माफ करा आणि कारण लिहून कळवा. आणि त्यांना किमतीत सवलत देण्यापेक्षा त्यांची दोन वर्षांची जुनी बिले नव्या प्रतीत आणून द्या. मी चोरटी प्रत सोडताना सर्वांत जास्त भीती त्याचीच होती, की सगळे पुन्हा हाताने भरावे लागणार.


हिशेबनीस (मडगाव)

वरील सूचना हिशेबाच्या दृष्टीनेही योग्य आहे. त्या चौघांपैकी कोणी कंपनी म्हणून नोंदलेले असेल तर आणखी एक गोष्ट सांगावी. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी, केव्हा, काय बदलले याची बंद न करता येणारी नोंद राहावी लागते, आणि ती आहे की नाही हे लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात लिहावे लागते. कापून जोडलेल्या जुन्या प्रतीत ती नसणार. मात्र हे धमकीच्या सुरात सांगू नये.


कुळागर (फोंडा)

दोघांचेही पटले. काल संध्याकाळी त्या चारपैकी ज्या बारमध्ये मी जेवलो होतो तिथे पुन्हा गेलो. मालकाला ओळख दिली, तो क्षणभर गप्प झाला आणि मग त्याने पहिला प्रश्न विचारला तो किमतीचा नव्हता, ‘माझा मागचा सगळा हिशेब येईल ना?’ असा होता. येईल म्हटले. त्याच्या प्रतीत सुट्या पैशांची गोळाबेरीज चुकत असल्याचे त्याने मला दाखवले. ती चूक मी सव्वा वर्षापूर्वीच दुरुस्त केली होती, त्याच्यापर्यंत पोहोचली नव्हती. सोमवारी सकाळी बार उघडण्याच्या आत त्याची माहिती हलवायची आहे. शुक्रवारचा_बाजार, त्या दिवशी म्हापशाहून एक जादा हार्ड डिस्क घेऊन येता येईल का? त्याच्या जुन्या मशीनचा आवाज मला बरा वाटला नाही.


शुक्रवारचा_बाजार (म्हापसा)

नऊ वाजता पोहोचतो. राखीव प्रत निघेपर्यंत मशीन बंद करू नका, असे त्याला आजच सांगून ठेवा.